कुलूपवाल्याची भाची

विश्वास ठेवायचा कुणावर, सांगा की! नाही, तुम्ही एवढी शहाणी माणसं समोर बसलाय म्हणून विचारतो. तीस वर्षं कुलपं विकतोय मी. कुलूप, किल्ली, कडी, कोयंडा, बिजागरी, स्क्रू... माणसाचा माणसावर विश्वास नाही म्हणून तर आमच्या घरची चूल पेटते! गिऱ्हाईक पायरी चढलं की चेहरा बघून सांगतो, याला भीती कुणाची. चोराची असेल तर पाच लिव्हरचं कुलूप, सख्ख्या भावाची असेल तर सात लिव्हरचं. एकदा एक म्हातारा आला, म्हणे, "पेटीला कुलूप हवंय." म्हटलं, "पेटीत काय ठेवणार?" तर म्हणे, "दुसऱ्या पेटीची किल्ली." आता बोला! ...पण ते जाऊ द्या. सांगायचं काय, की असा मी, स्वतःच्या सावलीलाही कधी उधार न दिलेला माणूस, आणि त्या मला एका कागदाने, एका फाइलवाल्या बाईने आणि आमच्या हिने, म्हणजे लग्नाच्या बायकोने, भर दुपारी, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसवून असं काही गंडवलं... आणि वर ऐकवतात काय? "अहो, घरचीच ती!"

घरचीच ती! बरं, शब्द कुणाचे? माझेच. तिथेच तर गोम आहे.

त्याचं असं झालं. आमचं पुढे दुकान, मागे घर आणि घराच्या डोक्यावर एक खोली. बाहेरून लाकडी जिना. दोन गल्ल्या सोडून विद्यापीठ. दर वर्षी तिथे देशोदेशीची पोरं येतात, कासवासारखं सगळं घर पाठीवर बांधून. वसतिगृहात दहातल्या एकाला जागा, बाकीचे नऊ गल्लोगल्ली हिंडतात. आणि तुम्हाला सांगतो, गंमत बघा, ही पोरं आधी कुलूप विकत घेतात आणि मग खोली शोधतात! हातात कुलूप आहे, पण लावायला दार नाही. मला लय वाईट वाटायचं. वाईट वाटता वाटता एक दिवस डोक्यात आलं की अरे, दार तर आपल्याकडे आहे!

तर अशीच एक पोरगी आली. मुंग्यांचा अभ्यास करायला. हसू नका, खरंच मुंग्यांचा! सातासमुद्रापलीकडून आली, विद्यापीठ तिला चार वर्षं दर महिन्याला पैसे देणार, का, तर मुंग्या बघायला! आमच्या स्वयंपाकघरात फुकट फिरतात हो, चार वर्षं काय, जन्मभर बघ म्हणावं. उंची केवढी? आमच्या दाराच्या चौकटीला डोकं दोन बोटं कमी. आमच्या घराण्यात बल्ब बदलायलाही दोन माणसं आणि एक स्टूल लागतं. आणि भाषा? पुस्तकातून शिकलेली! कुलूप घेतलं आणि म्हणते कशी, "महोदय, आपल्या परिचयात एखादे निवासस्थान उपलब्ध आहे काय?" मी मागे वळून बघितलं, महोदय कोण आलाय म्हणून.

झालं. तिला घेऊन विद्यापीठाच्या निवास कचेरीत गेलो. तिथे एक कारकून, चष्मा कपाळावर आणि हात टेबलावर चष्मा शोधतायत. त्याने कागद सरकवला. कागदावर दोन चौकोन. पहिला चौकोन, 'भाडेकरू म्हणून'. त्याच्याखाली यादी! आग विझवायचं नळकांडं लावा, कठड्याची उंची मोजून घ्या, जिन्याची तपासणी करा, नोंदणी करा, कर भरा, दर महिन्याला पावती द्या... वाचता वाचता मला धाप लागली. दुसरा चौकोन, 'कुटुंबासोबत'. त्याच्याखाली काय? काही नाही. कोरं! पांढरंशुभ्र! आता मला सांगा, छातीवर हात ठेवून सांगा, तुम्ही कुठे खूण केली असतीत?

मी केली. मग कारकून म्हणतो, "नातं लिहा." म्हटलं, "साहेब, काय लिहू?" तर खालमानेने म्हणतो, "काहीही लिहा हो, कोण वाचतंय!" हे बघा, सरकारी टेबलामागे बसलेला माणूस जेव्हा म्हणतो ना, कोण वाचतंय, तेव्हा समजायचं, आपण सोडून सगळे वाचणार आहेत. पण तेव्हा कुठे कळतं! मी लिहिलं, 'भाची'. भाडं या रकान्यात लिहिलं, 'नाही'. कारकुनाने त्या सहा फुटी पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घरचीच ती!" ठप्प! शिक्का.

बाहेर आल्यावर पोरगी विचारते, "भाची म्हणजे नेमके काय?" म्हटलं, "बहिणीची मुलगी. म्हणजे तू भाची, मी मामा." मला बहीणच नाही, ही गोष्ट वेगळी. मी एकुलता एक. पण त्या क्षणापासून तिने जे मला मामा म्हणायला सुरुवात केली... घरी पत्र लिहिलं म्हणे, मला इथे मामा मिळाला! कागदावर भाची मी केली आणि मामा मात्र मीच बनलो, हे कळायला मला पुढे बावीस महिने लागले.

व्यवहार मी चोख ठेवला होता, बरं का. पहिल्याच दिवशी तिला बसवून सांगितलं, "हे बघ, आपल्या घरात भाडं वगैरे शब्द काढायचा नाही. घरात सगळे घरखर्चाला हातभार लावतात, तसा तूही लावायचा. एक तारखेला, पाकिटात, एवढा." आकडा सांगितला. बाजारभावापेक्षा थोडा वरच होता, कारण घरचीच ती! पाकीट घ्यायचं आणि हिच्या हातात द्यायचं. दुकानाच्या वहीत नोंद नाही, पोरीला पावती नाही. पावती दिली की पुरावा झाला. हे मला कुणी शिकवलं नाही, सातवीपर्यंत शाळा माझी, आपल्या अकलेनेच शिकलो. बघा अक्कल!

आणि शिस्त म्हणून घरभर सूचना लावल्या. माझ्या अक्षरात, जाड पेनाने. न्हाणीघरावर, 'गरम पाणी दहा मिनिटे'. फ्रिजला छोटं कुलूप, वर चिठ्ठी, 'दूध विचारून घेणे'. दुधाच्या बाटलीवर मी पेनाने रेघ मारायचो. ती पोरगी रोज सकाळी त्या रेघेकडे बघून म्हणायची, "मामा, आपणही प्रयोग करीत आहात काय?" तिला वाटायचं, मीही अभ्यास करतोय! आमची ही पदराआड हसायची. हिचं आणि तिचं पहिल्या आठवड्यातच गूळपीठ जमलं. ही तिला मुंगी म्हणायची. सहा फुटाच्या बाईला मुंगी! दोघी खिडकीशी बसून, पोरीने अभ्यासाला ठेवलेल्या काचेच्या पेटीतल्या मुंग्या बघत बसायच्या. एकदा मी जेवायला आलो तर ताटच नाही. ही म्हणते, "थांबा हो, राणी अंडी घालतेय." तीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी एवढं थांबली नव्हती.

त्या मुंग्यांचं एक सांगितलं होतं पोरीने. म्हणे, परक्या वारुळातला कोष आणून ठेवला आणि मुंगी इथेच बाहेर पडली, तर तिला याच घराचा वास लागतो. मग तिला कुणी परकी म्हणत नाही, ना कुणी हाकलत. ही म्हणाली, "बघा, त्यांच्यात कागद लागत नाही." मी म्हटलं, "त्यांच्यात करही लागत नाही." हसलो. तेव्हा हसलो मी.

आता जिन्याचं. वरून तिसऱ्या पायरीशी कठडा हलायचा. हलायचा म्हणजे काय, थोडा. ही बडबडायची, "अहो, दोन वर्षं हलतोय, सहा स्क्रूंचं काम आहे." दुकानात स्क्रूंचे खोकेच्या खोके! पण तुम्हाला सांगतो, हलवायाला गोड लागत नाही ना, तसं आहे ते. उद्या करू, परवा करू. आणि एक दिवस सकाळी पोरगी मुंग्यांची पेटी घेऊन निघाली विद्यापीठात, कठड्याला टेकली आणि... धडाम! मी गल्ल्यावरून उठून पळालो. बघतो तर पोरगी खाली पडलेली, पाय भलतीकडे वळलेला आणि दोन्ही हात वर, हातांत पेटी शाबूत! एक मुंगी सांडली नाही. पांढरीफटक पडलेली आणि मला विचारते काय, "मामा, राणी सुरक्षित आहे ना?"

घोटा मोडला होता. ऑपरेशन. आत पट्टी बसवली आणि स्क्रू. किती? सहा! मी डॉक्टरांकडून बिल घेतलं आणि वाचायला लागलो. एका स्क्रूची किंमत बघितली. परत बघितली. चष्मा पुसून बघितली. अहो, तेवढ्यात माझ्या दुकानातून चाळीस चांगली कुलपं येतील! मी म्हटलं, "डॉक्टर, मी स्क्रूच विकतो, घाऊक भावात देतो, अजून वेळ गेली नाही." ते हसले. मी चेष्टा करत नव्हतो. आमची ही कोपऱ्यात उभी होती. एवढंच म्हणाली, "कठड्याला मारले नाहीत ना, ते सहा हिच्या पायात मारले." आणि माझ्याशी बोलणं बंद.

मी म्हटलं, अगं, घाबरतेस कशाला, पोरीकडे विमा आहे! निळं कार्ड! विद्यापीठ दर महिन्याला तिच्या पैशांतून हप्ता कापून घेतं. मी स्वतः ते कार्ड दवाखान्याच्या खिडकीत टिच्चून आपटलं. आठ दिवसांनी पत्र आलं. निवास आणि विमा कक्ष, दोन्ही एकाच खात्यात, एकाच बाईकडे. 'रक्कम मंजूर करण्यापूर्वी राहत्या जागेची पाहणी करण्यात येईल.'

पाहणी! मला वाटलं, ही बाई भाडेकरू पकडायला येतेय. भाडेकरू सापडला की दंड, मागचा कर, खोलीला सील. विम्याचं काय, तो तर आहेच, असं मी धरून चाललो. तेव्हा काम एकच, पोरगी घरची दिसली पाहिजे. लागलो कामाला! सगळ्या सूचना काढल्या, बारीक फाडल्या, जाळून टाकल्या. फ्रिजचं कुलूप काढलं. बाटलीवरची रेघ घासून पुसली. कठड्याला सहा स्क्रू मारले, हो, तेव्हा मारले, हसा! भिंतीवर तिचा न् आमचा फोटो लावला. पोरगी प्लास्टर घालून खालच्या खोलीत, माझ्याच खाटेवर. तिला म्हटलं, "विचारलं तर खरं तेच सांग." कारण तिला काय खरं वाटतं ते मला ठाऊक होतं ना!

फाइलवाली बाई आली. मऊ बोलणारी. मऊ बोलणाऱ्या माणसाला मी उधारी देत नाही, पण तिथे काय चालणार! चहा घेतला. म्हणाली, "भाची ना तुमची?" म्हटलं, "घरचीच ती!" "तुमची बहीण कुठे असते?" मी म्हटलं, "लांब... लय लांब." पोरीकडे वळली. "तू इथे भाडं देतेस?" पोरगी खाटेवर ताठ बसून म्हणते, "भाडे नाही. मी घरखर्चास हातभार लावते, कुटुंबातील प्रत्येक सदस्य लावतो त्याप्रमाणे." वा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, एवढा चोख माल परत आल्यावर कुठल्या व्यापाऱ्याला येणार नाही! बाई फ्रिज उघडून बघते, उघडा. फोटो बघते, छान. आमच्या हिने पोरीच्या पायाखालची उशी नीट केली, न सांगता. बाई म्हणाली, "खरंच घरची दिसते हो." म्हटलं, "दिसते काय, आहेच!"

"छान," ती म्हणाली आणि फाइल मिटली. "मग माझं काम सोपं झालं. नियम असा आहे, वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांना विद्यापीठाचा विमा लागू होतो. कुटुंबासोबत राहणाऱ्यांचा खर्च कुटुंबाने करायचा. बिल तुमच्या नावावर पाठवते, कुटुंबप्रमुख म्हणून."

काय सांगू तुम्हाला! मी म्हटलं, "बाई, हप्ता तर कापत होतात!" "तो परत मिळेल, भाचीला अर्ज करायला सांगा." ऐकलंत? हप्ता घेताना ती विद्यार्थिनी, पैसे द्यायची वेळ आली की माझी भाची! बिल किती? हप्त्याचं परत आलेलं वजा जाऊन, माझ्या हिशेबाने, सव्वापाचशे कुलपं! मी ताडकन उठलो. म्हटलं, "कसली भाची! मला बहीण नाही! भाडेकरू आहे ती, भाडेकरू! बावीस महिने भाडं घेतलंय मी!"

बाईने फाइल परत उघडली. शांतपणे म्हणाली, "तसं असेल तर विमा सगळे पैसे देईल. पण मग खोली बेकायदा ठरते. आज संध्याकाळी सील. वसतिगृहात जागा पुढच्या वर्षी. आणि राहायचा पत्ता नसेल तर हिचा प्रवेश रद्द होतो, परत जावं लागेल." पोरगी मुंग्यांच्या पेटीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मी परत जाईन. मामांवर भार नको. राणीला मात्र नेता येणार नाही, तिचा सांभाळ करावा." एवढं म्हणून कुबड्या ओढायला लागली, सामान बांधायला!

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण सव्वापाचशे कुलपं हो! मी म्हटलं, "बाई, लिहा, भाडेकरू." बाई म्हणाली, "पुरावा? एखादी पावती? वहीत नोंद? एखादी सूचना, भाडेकरूंसाठी लावलेली?"

पावती दिली नाही. वहीत लिहिलं नाही. सूचना चुलीत गेल्या. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, किल्ली दोन ठेवा, एक हरवते. आणि माझी एकही नव्हती! मग आठवलं, ही आहे की! दर महिन्याचं पाकीट हिच्याच हातात दिलंय! म्हटलं, "हिला विचारा. सांग गं, दर एक तारखेला भाडं आलं की नाही?"

आमच्या हिने पदर खोचला. माझ्याकडे बघितलं, कठडा दोन वर्षं हलला तेवढा वेळ बघितलं. मग बाईकडे वळून म्हणाली, "भाडं? कसलं भाडं हो? घरच्या माणसाकडून कुणी भाडं घेतं का? घरचीच ती."

तीस वर्षं संसार केला मी त्या बाईबरोबर! एका ताटात जेवलो! फाइलवाली गेली, बिल आलं, मी डोक्याला हात लावून बसलो. म्हटलं, "अगं, कुठून भरायचे?" तर ही आत गेली आणि एक पत्र्याची पेटी आणून आपटली समोर. पेटीला कुलूप, माझ्याच दुकानातलं, सात लिव्हरचं. सख्ख्या भावाची भीती असेल तर सात लिव्हरचं, हे मी लोकांना सांगायचो. नवऱ्याची असेल तरी तेच लागतं, हे तेव्हा कळलं. कमरेची किल्ली काढून उघडलं. आत बावीस पाकिटं, जशीच्या तशी, एकही फोडलेलं नाही! मला वाटायचं, घरखर्चात जातायत. म्हटलं, "हे कशासाठी ठेवलेस?" म्हणाली, "पोरगी परत जाताना हातावर ठेवणार होते. आपल्याकडे येऊन चार पैसे तिचे खर्च का व्हावेत? आता तिला आपल्या घराचा वास लागलाय."

बावीस पाकिटं दवाखान्यात गेली. तरी तीन पाकिटं कमी पडली, ती मी गल्ल्यातून भरली. कागदावर लिहिलं होतं ना मी, भाडं नाही म्हणून? आमच्या हिने एका दुपारी ते अक्षर न् अक्षर खरं करून दाखवलं. भाडं नाहीच मिळालं! उलट वर तीन महिने मीच भरले!

पोरगी अजून आमच्याकडेच आहे. हप्त्याचे पैसे सुटले म्हणून आनंदात आहे. माझ्या खाटेवर झोपते, मी दुकानात, काउंटरमागे. फ्रिज उघडा असतो. परवा जिना उतरायला गेलो तर कठड्यावर चिठ्ठी, जाड पेनाने, पुस्तकी अक्षरात, 'मामांनी पायरी जपून उतरावी. आपणांस विमा नाही.'

म्हणून हात जोडून एकच मागणं आहे तुमच्यापाशी. खोली द्या, देऊ नका, तुमची मर्जी. भाची लिहा, पुतणी लिहा, आत्या लिहा. पण पैसे घेतलेत तर पावती फाडा हो, आणि हिशेब खरा लिहा! कारण खोटा लिहिलात आणि घरात आमच्या हिच्यासारखी एखादी असली, तर तो खरा केल्याशिवाय ती सोडत नाही.